कोरडी हवा आणि मॉसफेट

प्रश्न : मी औशात इन्व्हर्टर दुरुस्त करतो. हिवाळ्यात नवेकोरे आयआरएफ ५४० मॉसफेट (वीजप्रवाह चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक भाग) बसवताच निकामी होतात. माल बनावट आहे की माझ्या हातून काही चुकते?
– एक वाचक, जि. लातूर

उत्तर : दोन्ही शक्य आहे; मात्र दोष हिवाळ्यातच दिसत असेल, तर पहिला संशय स्थिर विद्युतभारावर घ्यावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटका बसतो, तेव्हा अंगावर साधारण ३,००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब असतो. या मॉसफेटच्या गेटची, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाची, मर्यादा मात्र अवघी २० व्होल्ट आहे. त्यामुळे १ मेगाओहम रोधक असलेला मनगटपट्टा वापरून तो खात्रीच्या अर्थिंगला जोडावा आणि सोल्डरिंग आयर्न तीन पिनांचेच घ्यावे. साध्या थर्माकोलमध्ये पाय खुपसून सुटे भाग ठेवण्याची सवय अनेक दुकानांत दिसते. ती सर्वांत घातक. सुटे भाग ठेवण्याची गुलाबी (अँटिस्टॅटिक) पिशवी स्वतः भार निर्माण होऊ देत नाही, पण बाहेरचा भार अडवत नाही; त्यासाठी चंदेरी (शिल्डिंग) पिशवीच हवी.

खरेदी अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर करावी. अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसल्यावर पृष्ठभागाचा काळा थर निघाला, तर जुना भाग घासून त्यावर नवे नाव छापले असण्याची शक्यता मोठी आहे. बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने गेट आणि सोर्स (मॉसफेटचे आणखी एक टोक) यांमधील रोध मोजावा. तो काही ओहमच भरला, तर तो भाग बोर्डावर चढवू नये.