खानापूर-बेळगाव भागात दारू आणि गोळ्यांच्या व्यसनावर उपचार कुठे मिळतील?

तुमचे थोरले बंधू खानापूर तालुक्यातील गावी राहतात, सकाळी उठल्यापासून पितात आणि अलीकडे झोपेच्या गोळ्याही घेऊ लागले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. बेळगावच्या आसपास चांगले व्यसनमुक्ती केंद्र कोणते आणि त्यांना घरातून गाडीत घालून नेणारे कोणी आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या यजमानांची दारू सुटावी म्हणून मी निपाणी, बेळगाव आणि धारवाडच्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, आणि ते सावरल्यानंतर ओळखीच्या कित्येक घरांबरोबर केसपेपर काढण्यापासून पुढच्या तारखेपर्यंत जात आले आहे. तेव्हा जे पाहिले आणि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, त्याच्या आधारावर लिहीत आहे.

भरती कुठे करावे, याचा घोर सगळ्याच घरांना असतो. पण माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. दादा परत आल्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्यांना कोण तपासणार, त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलणार, आणि तिथपर्यंत बसने जाऊन संध्याकाळी गावी परतता येईल का? शरीरातली दारू उतरवण्याचे काम आठवडा-दहा दिवसांत होते. पुढचे काम वर्षानुवर्षांचे असते आणि ते घराजवळच व्हावे लागते. म्हणून केंद्र निवडताना जाहिरात किंवा इमारत न पाहता हा पुढचा भाग पाहावा.

त्याही आधी एक गोष्ट कळकळीने सांगते. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू घरी कोंडून एकाएकी बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम येतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, ज्यात वेळीच उपचार न मिळाल्यास जीवही जातो. आमच्या घरी हे घडले आहे. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरूनही निम्मा चहा बशीत सांडत होता, आणि तिसऱ्या रात्री यजमान पांढऱ्या स्वच्छ चादरीवरून मुंग्या वेचून बाहेर टाकत होते. मुंग्या नाहीत असे सांगितले, की माझ्याच अंगावर धावून येत होते. हा बाहेरचा प्रकार नाही, देवाचा कोप नाही, की नाटकही नाही. दारूला सरावलेल्या मेंदूला ती अचानक न मिळाल्याने हे होते आणि त्यावर औषध आहे. दादा झोपेच्या गोळ्याही घेत असल्यामुळे धोका दुहेरी आहे, कारण दारूबरोबर त्या गोळ्या श्वास मंदावू शकतात आणि त्यांची सवय झाली असेल, तर त्या एकदम बंद केल्यानेही झटके येतात. म्हणून गोळ्यांची रिकामी पाकिटे सापडली, तर फेकून न देता पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडे माणूस फारच गळला, की गावातल्या डॉक्टरांना “एक सलाईन लावा” म्हणण्याची पद्धत आहे. सतत पिणाऱ्यांच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असते, आणि ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना दारूविषयी आधी स्पष्ट सांगावे, लाजू नये. झटका आला, माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर कोणत्याही केंद्राचा शोध न घेता १०८ ला फोन करावा आणि मोठा सरकारी दवाखाना गाठावा.

आता जागांविषयी. सुरुवात खानापूरच्या तालुका दवाखान्यातून करावी. राज्य सरकारच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमाखाली तालुका दवाखान्यांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येऊन रुग्ण तपासतात. जाण्यापूर्वी आशाताईंकडून किंवा दवाखान्यात फोन करून त्या मंगळवारी डॉक्टर येणार आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. भरती करण्याची गरज आहे असे त्यांनी सांगितल्यास बेळगावचे सिव्हिल हॉस्पिटल आहे, जे बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे आणि जिथे मानसोपचार विभाग आहे. खासगीत नेहरूनगरचे केएलई हॉस्पिटल आहे. अवघड रुग्णांसाठी, विशेषतः दारूबरोबर गोळ्या किंवा मनाचा दुसरा आजार असेल तर, मी धारवाडच्या डिमहान्सचे, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेचे, नाव सुचवीन. बेळगावहून ती साधारण ७५-८० किलोमीटरवर आहे आणि तुमच्या भागातून अळणावरमार्गेही जाता येते. हे उत्तर निपाणीकडचे कोणी वाचत असेल, तर त्यांना कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडेल, आणि कागवाड-अथणीकडच्यांना मिरज. मात्र कर्नाटकाच्या रेशनकार्डावर मिळणाऱ्या योजना सीमेपलीकडे तशाच चालतील, असे धरून जाऊ नये.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा लिहिते. गोळ्या कोणत्याही भाषेतल्या डॉक्टरांनी दिल्या तरी चालतात, पण समुपदेशनाचे तसे नाही. एका ठिकाणी समुपदेशक यजमानांशी कन्नडमध्ये अतिशय आपुलकीने बोलत होते आणि यजमान प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. बाहेर आल्यावर ते काय म्हणाले असे विचारले, तर “पिऊ नका म्हणाले” एवढेच त्यांना सांगता आले. बाजारापुरते कन्नड आपल्या सगळ्यांना येते, परंतु वडिलांविषयीचा राग, शेताच्या वाटणीचे दुःख किंवा बायकोसमोर वाटणारी शरम माणूस आपल्याच भाषेत बोलतो. तेव्हा नोंदणीच्या खिडकीपाशीच, मराठी बोलणारे समुपदेशक किंवा परिचारिका कोणत्या दिवशी असतात, हे विचारून घ्या. यात कोणाचा अवमान नाही, आणि बहुतेक ठिकाणी लोक आनंदाने सोय करून देतात. घरबसल्या पहिले बोलणे करायचे असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. केवळ व्यसनांसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. व्यसनी माणूस तयार नसला, तरी घरच्यांनी फोन करायला हरकत नाही.

घरातून उचलून नेणाऱ्या गाडीविषयी माझे मत ठाम आहे. अशी माणसे मिळतात. चार जण येतात, हातपाय धरून गाडीत घालतात आणि दोन-तीन महिने भेटू देत नाहीत. घर इतके थकलेले असते की ही सोय वाटते, हे मला कळते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक आजारही येतात, आणि त्यामुळे असे रुग्ण ठेवणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावरून, मानसोपचारतज्ज्ञांच्या तपासणीनंतर, सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत भरती करता येते. म्हणजे कायद्याने वाट ठेवलेली आहे, आणि ती डॉक्टरांमार्फत जाते. साखळीने बांधणे, सक्तीने डोके भादरणे, सक्तीने काम करून घेणे यांना याच कायद्याने मनाई आहे. म्हणून केंद्रात गेलात की नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवायला सांगा. रात्री डॉक्टर कुठे असतात, पहिल्या आठवड्यात झटका आला तर कोणत्या दवाखान्यात नेणार, आणि घरच्यांना फोनवर कधी बोलता येईल, हे विचारा. आणि एकूण खर्च कागदावर लिहून मागा. ही माहिती देताना जे चिडतात, त्यांच्याकडे आपला माणूस ठेवू नका.

सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी चालवलेली व्यसनमुक्ती केंद्रेही असतात, जिथे राहण्याचे आणि उपचाराचे पैसे घेत नाहीत. तुम्हाला जवळचे असे केंद्र कोणते, हे १४४४६ वर विचारता येते. पूर्ण मराठी वातावरण हवे असेल, तर पुण्याचे मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली ते सुरू केले. तिथली निवासी उपचारपद्धत सुमारे पाच आठवड्यांची आहे आणि घरच्यांनाही त्यात सामील करून घेतात. माझ्या माहितीतली काही माणसे तिथून चांगली होऊन आली, पण परतल्यावर इकडच्या डॉक्टरांशी ज्यांनी संबंध ठेवला, तीच टिकली. गावातच होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे धर्मस्थळच्या ग्रामीण विकास योजनेतर्फे भरणारी मद्यवर्जन शिबिरे. वहिनी धर्मस्थळ संघात, म्हणजे या योजनेच्या बचत गटात असतील, तर पुढचे शिबिर कुठे आहे हे त्यांना लगेच कळेल. ही शिबिरे साधारण आठ दिवसांची असतात, बोलणे प्रामुख्याने कन्नडमध्ये असते, आणि गावातली माणसे एकत्र शपथ घेत असल्यामुळे नंतर एकमेकांना सांभाळतात, हे त्यांचे मोठे बळ आहे. दादांसारख्या रोज सकाळी पिणाऱ्याने मात्र आधी दवाखान्यात शरीर स्थिर करून घेतल्याशिवाय तिथे जाऊ नये.

माळ घालणे, यल्लम्माची शपथ घेणे याला मी नावे ठेवणार नाही. माळेच्या आधाराने सुटलेली माणसे मी पाहिली आहेत आणि वारकऱ्यांची संगत हा खरोखरच औषधासारखा आधार आहे. फक्त माळ घालण्याआधी तपासणी व्हावी, एवढेच. पण “रुग्णाच्या नकळत दारू सोडवा” म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या भाजीत कालवून देऊ नका. त्यांत काय असते हे आपल्याला कळत नाही. डायसल्फिराम ही डॉक्टरांनी द्यायची गोळी काही घरांत अशीच चोरून दिली जाते, आणि तिच्यावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, उलट्या, रक्तदाब घसरणे असे होऊन माणूस दगावू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत तो परिणाम राहू शकतो. ती गोळी रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. ओढ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी दुसरी औषधेही आहेत. यकृताची तपासणी करून डॉक्टर ती ठरवतात.

गावात उपचार घेतलेला एकही माणूस सापडत नाही म्हणून दादा बिचकत असतील, तर त्यात नवल नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचे आढळले होते. अशा माणसाला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आणि सोडलेल्यांच्या, सभेत नेऊन बसवले, तर आपल्यासारखाच पिणारा माणूस सुधारून समोर बोलताना पाहूनच तो निम्मा ऐकतो. बेळगावातही या सभा भरतात, पैसे घेत नाहीत, नाव-गाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे गट असतात, आणि वहिनींना तिथे न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्या कित्येक वर्षे खोटे बोलून उधाऱ्या फेडत, नवऱ्याचे झाकत आल्या असतील; त्यांच्याशीही कोणीतरी बोलायला हवे. त्या मारहाण सहन करत असतील, तर त्यांच्या आणि मुलांच्या राहण्याची सोय आधी करा, उपचार नंतर.

दादांशी बोलायचे ते सकाळी, पहिल्या घोटाआधी किंवा अगदी थोडी घेतलेली असताना. रात्री बोलून काही साधत नाही. “तुला केंद्रात टाकतो” असे न म्हणता, झोप लागत नाही आणि हात कापतात यासाठी डॉक्टरांना दाखवू, असे म्हणा. ते खरेच आहे आणि त्याला बहुतेक जण तयार होतात. पहिल्या भेटीला तुम्ही कामावरून सुट्टी घेऊन जा. पुढच्या तारखांना वहिनी जाऊ शकतील, कारण २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या स्त्रियांना साध्या बसचे तिकीट लागत नाही आणि धारवाडला जाऊन येण्याचा त्यांचा खर्च वाचतो. औषधे वहिनींच्या हाती राहू द्या आणि पहिले काही महिने दादांच्या हाती रोख रक्कम कमी राहील असे बघा, पण हे दोन्ही त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने करा.

पुन्हा प्याले तरी तारीख चुकवू नका; प्यालेल्या अवस्थेतही डॉक्टर तपासतात आणि औषध बदलून देतात. गावची यात्रा हा आपल्याकडचा सर्वांत अवघड काळ असतो, कारण मटणाच्या जेवणाला पाहुणे येतात आणि “आजच्या दिवस घे” म्हणणारे घरातलेच असतात. त्या पाहुण्यांना तुम्ही स्वतः आधी फोन करून सांगा, आणि डॉक्टरांकडे यात्रेच्या आधीच्याच आठवड्यातली तारीख मागून घ्या.