मोनेराचं करायचं काय?

अगं, तुझा मेसेज वाचला. पुस्तकात मोनेरा (केंद्रक नसलेल्या जीवांची सृष्टी), क्लासमध्ये तीन डोमेन (सृष्टीच्याही वरचे गट), यूट्यूबवर कोणी सहा सृष्ट्या सांगतंय कोणी सात, आणि तू विचारतेस की बॅक्टेरिया नक्की कुठे बसतात. परीक्षेपुरतं सांगायचं तर प्रश्नात पाच सृष्ट्या मांडणारा व्हिटेकर दिसला की डोकं चालवू नकोस, १९६९, मोनेरा प्रोटिस्टा कवके वनस्पती प्राणी, लिही आणि मार्क घे. पण तुला पुढे मायक्रोबायोलॉजीच करायचंय म्हणून जरा लांबण लावते. कुठलंही वर्गीकरण समोर आलं की आधी विचारायचं, हे ठरवणाऱ्याच्या हातात पुरावा काय होता?

लिनियसने १७३५ मध्ये सजीवांच्या दोनच सृष्ट्या धरल्या, वनस्पती आणि प्राणी. बॅक्टेरियाला पेशीभित्तिका असते म्हणून पुढे लोकांनी ते वनस्पतींत ढकलले. जुन्या बॉटनीच्या पुस्तकांत बॅक्टेरियाचा धडा सापडतो तो त्यामुळेच. १८६६ मध्ये हेकेलने प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी काढली आणि मोनेरा तिच्यात घातले, १९३८ मध्ये कोपलँडने मोनेराला वेगळी सृष्टी दिली. तोवर शॅटनचा आदिकेंद्रकी (पेशीत केंद्रक नसलेले) आणि दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेले) हा फरक मांडून झाला होता, १९६२ मध्ये स्टॅनियर आणि व्हॅन नील यांनी तो पक्का केला. ही नावं पाठ केलीस तरी चालेल, नाही केलीस तरी.

खरी गोची इथे आहे बघ. मोनेरा म्हणजे काय, तर केंद्रक नाही, तंतुकणिका नाही, हरितलवक नाही. सगळं "नाही"च. आता एखाद्या गोष्टीचा अभाव हा काय नात्याचा पुरावा झाला का? लग्नात ज्यांनी फेटे बांधले नाहीत ते सगळे एकाच घरातले, असं म्हणण्यासारखं आहे ते.

हे कार्ल वोज या शास्त्रज्ञाला खटकलं. अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत बसून त्याने ठरवलं की दिसण्यावर जायचंच नाही, रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, तर प्रत्येक पेशीत असतो, मग त्यातला आरएनएच तपासू, बॅक्टेरियात त्याला १६एस म्हणतात. तेव्हा आजच्यासारखं सॅम्पल पाठवलं की सिक्वेन्स मेलवर आला असं नव्हतं गं, किरणोत्सारी फॉस्फरस देऊन जंतू वाढवायचे, आरएनएचे एन्झाइमने तुकडे करायचे, ते फिल्मवर ठिपक्यांसारखे उमटायचे आणि एकेक ठिपका डोळ्यांनी वाचायचा, असं वर्षानुवर्षं. मग त्याच्याच युनिव्हर्सिटीतल्या राल्फ वुल्फने त्याला मिथेन तयार करणारे जंतू दिले आणि त्यांचे तुकडे बॅक्टेरियाशी जुळेचनात! १९७७ मध्ये वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी छापलं की हा वेगळाच गट आहे. गोंधळ एवढा झाला की नोबेल मिळालेल्या साल्वादोर लुरियाने वुल्फला फोन करून सांगितलं, यातून अंग काढून घे. १९९० मध्ये वोजने कँडलर आणि व्हीलिस यांच्यासोबत तीन डोमेन मांडले, बॅक्टेरिया, आर्किया, युकॅरिया.

म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत शेवटी मिथेन बनवणारे जीव बॅक्टेरिया नाहीतच, आर्किया आहेत. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की ते मीठ आवडणाऱ्या हॅलोआर्कियामुळे. मायक्रोस्कोपखाली हे सगळे बॅक्टेरियासारखेच दिसतात, पण त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन (बॅक्टेरियाच्या भित्तिकेचा मुख्य घटक, पेनिसिलिन तोच बनू देत नाही) नसतं त्यामुळे पेनिसिलिन त्यांना काही करत नाही, आणि त्यांचं आरएनए पॉलिमरेझ (डीएनएवरून आरएनए बनवणारं एन्झाइम) बॅक्टेरियापेक्षा आपल्या पेशींच्या जवळचं, म्हणून बॅक्टेरियाच्या त्या एन्झाइमला अडवणारं टीबीवरचं रिफाम्पिसिनही फुकट. वर्गीकरण म्हणजे नुसती पाठांतराची रटाळ यादी असं कोणी म्हणालं की मी त्यांना हेच सांगते.

सहा-सातचं भांडण मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटत नाही. कॅव्हेलियर-स्मिथ या जीवशास्त्रज्ञाच्या सहा सृष्ट्या १९९८ च्या, त्यात बॅक्टेरिया ही एक सृष्टी आणि आर्किया तिच्यातच. २०१५ च्या सातमध्ये आर्कियाला वेगळी सृष्टी मिळाली. आणि २०२४ मध्ये तर नावांच्या नियमांनुसार बॅक्टेरिया हा डोमेन आणि त्याच्या पोटात चार सृष्ट्या, बॅसिलाटी, स्यूडोमोनाडाटी, फ्यूसोबॅक्टेरियाटी, थर्मोटोगाटी. ही नावं बोर्डाच्या पेपरात लिहू नकोस, तपासणारा गोंधळेल. पण गंमत बघ, नीलहरित शैवाल म्हणून तू जे शिकलीस ते सायनोबॅक्टेरिया बॅसिलाटीत गेलेत, ग्रॅम स्टेनमध्ये (बॅक्टेरियाचे जांभळे आणि गुलाबी असे दोन गट पाडणारी रंगाची चाचणी) गुलाबी दिसूनसुद्धा, जांभळ्या बॅसिलसच्या शेजारी.

डोमेन तीन की दोन यावरही वाद चालू आहे, कारण २०१५ मध्ये आर्क्टिक समुद्राच्या तळातून लोकीआर्किया हा आपल्या पेशींशी जवळीक दाखवणारा आर्कियांचा गट सापडला आणि आपल्या पेशींचं मूळ आर्कियाच्या आतच निघतंय असं बऱ्याच जणांना वाटायला लागलं. मला ते पटतं, पण तू माझं ऐकून ठरवू नकोस. एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या साइटवर ई. कोलाय हा बॅक्टेरिया, एखादा हॅलोआर्किया आणि यीस्ट यांचे १६एसचे सिक्वेन्स फुकट मिळतात (यीस्टमध्ये त्याच्या जागी असलेला १८एस घे), तिन्ही शेजारी लावून बघ कुठे जुळतात कुठे तुटतात. लॅपटॉप नसेल तर मोबाईलवरही जमतं, फक्त डोळे फुटतात. हे शेजारी लावणं, म्हणजे अलाइनमेंट, अडलं तर स्क्रीनशॉट पाठव, शनिवारी संध्याकाळी मी रिकामी असते.