व्हेरिओग्राम सपाट आलाय? आधी लॅबचा कागद काढा

पाटणच्या जंगलातल्या मातीचा सेंद्रिय कर्ब, व्हेरिओग्राम (दोन जागांमधलं अंतर वाढेल तसा आकड्यांतला फरक किती वाढतो त्याचा आलेख) आडवाच्या आडवा, नुसता नगेट (अंतराशी नातं नसलेला, अगदी जवळच्या जागांतही दिसणारा फरक), आणि खाली सगळे सांगतायत त्यावर बसवलेलं स्फेरिकल मॉडेल सोडा, एक्स्पोनेन्शियल लावा. तुमची पोस्ट वाचली आणि माझं कोयनेकडचं काम आठवलं. मॉडेलला अजून हात लावू नका. अक्षांश-रेखांश मीटरमध्ये आणणं, म्हणजे यूटीएम ४३ वगैरे केलंच असेल, ते धरून चालतो.

लॅबच्या रिपोर्टमधले कर्बाचे मोठे आकडे बघा. ३.८, ३.९, ३.९, ३.९ अशी रांग दिसतेय का? माझ्यात दिसत होती. आपल्याकडच्या लॅबना सवय उसाच्या रानाची, तिथं कर्ब अर्धा-पाऊण टक्का. वॉकली-ब्लॅक या कर्ब मोजायच्या नेहमीच्या पद्धतीला एक ग्रॅम माती आणि १० मिली डायक्रोमेट (कर्ब जाळणारं नारिंगी रसायन), तेवढ्यात फार तर ३ टक्के कर्ब धरला जातो, वर न जळलेल्या कर्बासाठी १.३ नं गुणलं की ३.९. त्यापुढं मातीत कितीही असू दे, कागदावर आकडा तोच. आणि घाटमाथ्यावर पाचोळ्याखालची काळी माती त्याच्यावर जाऊ शकते. मग खरा फरक कापला जातो, उरतो तो टायट्रेशनचा (उरलेलं डायक्रोमेट थेंबाथेंबानं मोजण्याचा) गोंधळ, त्यातून नगेटशिवाय काय निघणार?

खरं तर फ्लास्कमधलं नारिंगी द्रावण आधीच हिरवं पडलं की डायक्रोमेट संपलं हे उघड आहे, पाव ग्रॅम मातीवर परत करायचं, बास. पण आमच्या लॅबवाल्या साहेबांचं उत्तर, "फॉर्मवर 'भरपूर'च्या पुढं रकानाच नाही." नमुने परत मागितले तर म्हणे टाकून दिले! व्याघ्र प्रकल्पाचा भाग, परवानगीसाठी परत हेलपाटे, तोवर पाऊस सुरू, सगळा हंगाम गेला. अजून डोकं फिरतं.

म्हणून अर्धा नमुना सावलीत वाळवून घरीच ठेवा, आणि चिठ्ठी पेन्सिलनं लिहून पिशवीच्या आत टाका, पेनाची शाई ओलीत पसरते.

मी काही केमिस्ट नाही, तुमचं कारण वेगळंही असेल. पॉइंट दोन-दोन किलोमीटरवर असतील आणि रेंज (जितक्या अंतरापर्यंत जागा एकमेकींसारख्या असतात ते) पाचशे मीटर असेल तरी असाच आडवा येतो, मग काही जोड्या वीस-तीस मीटरवर घ्याव्याच लागतात. आणि साधं क्रिगिंग (मोजलेल्या जागांवरून मधल्या जागांचा अंदाज) इथं मला तरी पटत नाही. महाबळेश्वरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर साताऱ्यात हजाराच्या आसपास, पावसामुळं कर्बात येणारा हा उतार आधी रिग्रेशनमध्ये (पावसावरून कर्बाचा अंदाज देणाऱ्या समीकरणात) बाजूला काढा, क्रिगिंग उरलेल्यावर करा.

पण ते नंतर. आधी ते ३.९ किती वेळा आलेत ते मोजून इथं टाका.