प्लीज, सॉरी, थँक यू म्हणूनही माणसं अवघडतात, ती का?

तुम्ही लिहिलंय की प्लीज, सॉरी, थँक यू हे सगळं तुम्ही न विसरता म्हणता, तरी लोक तुमच्याशी मोकळे होत नाहीत. मग शिष्टाचारात आणखी काय येतं? तुम्हाला पाहिलेलं नसल्यामुळे नेमकं कारण सांगता येणार नाही, पण एक गोष्ट तपासून बघा. तुम्ही काही मागता, विचारता, सुचवता तेव्हा समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा उरते का?

‘शनिवारी मोकळा आहेस ना?’ हा प्रश्न घ्या. काम काय ते न सांगता आधी होकार काढून घेतला, की पुढे घरसामान हलवायचं आहे हे ऐकल्यावर बिचारा अडकतो. तुम्ही कितीही गोड बोललात तरी त्याला कोंडीत पकडलंय. त्यापेक्षा ‘शनिवारी सामान हलवायचंय, जमत असेल तर ये, नाहीतर माणूस बघतो’ हे साधं वाक्य कितीतरी सभ्य. चारचौघांत उसने पैसे मागणं, भरल्या पंगतीत ‘माझ्यासाठी एवढं खाच’ म्हणून अडून बसणं, ‘पगार किती?’ असं तोंडावर विचारणं, सगळी त्याच जातीची. उत्तर द्यावं तर नकोसं, टाळावं तर आपणच शिष्ट ठरतो.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७८ साली सौजन्यावर मोठा निबंध लिहिला. इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा एकमेकींशी नातं नसलेल्या भाषा त्यांनी पाहिल्या. माणसाला आपण लोकांना आवडावं असं वाटतं आणि आपल्यावर कुणी काही लादू नये असंही वाटतं, अशी त्यांची मांडणी. आपण लहान मुलांना शिकवतो ते बहुतेक पहिल्या इच्छेपुरतं: हसून बोल, नमस्कार कर, आभार मान. दुसरी राहून जाते, आणि माझ्या मते तुमची अडचण तिथेच असावी.

सार्वजनिक ठिकाणी तर ‘नाही’ म्हणायची सोयच नसते. शेजारच्या सीटवरचा माणूस फोनवर मोठ्याने बोलत असेल तर कान कुठे ठेवणार? २०१० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांना प्रयोगात असं दिसलं, की संभाषणाची एकच बाजू कानावर पडली तर लक्ष लागण्याच्या कामात माणूस जास्त चुकतो. दोन्ही बाजू ऐकू आल्या तर तसं होत नाही. अर्धं वाक्य ऐकलं की उरलेलं मन आपोआप शोधत बसतं. (म्हणून स्पीकर लावा असं मी अजिबात म्हणत नाहीये!) उठून दाराशी जा, नाहीतर ‘उतरल्यावर करतो’ म्हणून ठेवून द्या.

फोन केल्यावर ‘आत्ता बोलता येईल का?’ विचारायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण खरी परीक्षा पुढे असते. ‘आत्ता नाही’ असं उत्तर आलं की ‘का, काय चाललंय?’ असं आपसूक तोंडातून निघतं. तो प्रश्न गिळायला शिका. नकाराचं कारण मागितलं की पुढच्या वेळी माणूस सबब तयार ठेवतो, आणि त्याच्यानंतरच्या वेळी फोनच उचलत नाही. ‘बरं, सवडीने कर’ एवढं पुरे.

आणि तुम्ही वयाने किंवा हुद्द्याने वरचे असाल तर जास्त जपा, कारण तुमच्या हाताखालचा माणूस ‘नाही’ म्हणणारच नाही. रात्री अकराला तुम्ही सहज टाकलेला मेसेज त्याला हुकूम वाटतो. खाली ‘उद्या बघितलं तरी चालेल’ लिहिलंत तरी झोपायच्या आधी तो उघडून बघणारच. त्यापेक्षा लिहून ठेवा आणि सकाळी ऑफिस उघडल्यावर पाठवा.