ट्रायमरान घेण्याआधी एवढं बघ

भावा, रंकाळ्यावर शिडाची बोट शिकून तू थेट ट्रायमरान, म्हणजे तीन सांगाड्यांची शिडाची बोट, घेण्याचं विचारलंस, म्हणून सांगतो. कोकणातल्या होडीला एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल धरणारा तरंगता आधार, असते, हिला दोन्हीकडे. म्हणून ती फारशी कलत नाही, आणि नवखा तिथंच फसतो. साधी शिडाची बोट वारा वाढला की कलून इशारा देते. ही नुसती पळत सुटते. तुझी नजर वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जातो त्या बाजूच्या, उलांडीच्या पुढच्या टोकावर हवी. ते नाक पाण्यात घुसायच्या आत शीड आखडून लहान कर, कारण उलटलेली ट्रायमरान आपली आपण सरळ होत नाही. सामानही मोजकंच भर. पाण्याचा २० लिटरचा एक कॅन म्हणजे २० किलो, आणि जड झाली की तिचा वेगच जातो. केबिन अरुंद वाटेल, पण चालवताना जीव हरखतो बघ!