उरलेला मदतनिधी कुणाचा? आधी तो मेसेज शोधा

तुमच्या पत्रातली हकिगत थोडक्यात अशी. पुराच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही मेसेज फिरवलात: 'पूरग्रस्तांना धान्य आणि औषधं पोहोचवायची आहेत, मदत करा.' पैसे स्वतःच्या बचत खात्यात घेतलेत, थोडे रोखीनेही आले. धान्य गेलं, औषधं गेली, पाणी ओसरलं आणि जवळपास निम्मी रक्कम उरली. ती आता पडलेल्या शाळेच्या छपराला द्यावी असं तुमच्या मनात आहे, आणि दोन देणगीदार 'आम्हाला विचारलंत का?' म्हणून अडून बसलेत. प्रत्येक आपत्तीनंतर चार-सहा महिन्यांनी अशी पत्रं येतात. छपराच्या जागी कुठे स्मारक असतं, कुठे गुरांचा चारा, एवढाच फरक.

हेतू चांगला होता, हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. मान्य. पण हे प्रकरण हेतूवर ठरत नाही, 'धान्य आणि औषधं' या शब्दांवर ठरतं. ज्या कामाचं नाव घेऊन पैसे मागितले, त्याच कामासाठी ते तुमच्याकडे सोपवलेले असतात. खातं तुमचं असलं तरी पैसे तुमचे नाहीत. त्यावर पडलेलं व्याजही नाही.

मग शब्द मोघम ठेवले असते तर? त्याचीही फजिती झालेली आहे. १९५१ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या जिलिंगहॅमला रस्त्याने चाललेल्या कॅडेट मुलांमध्ये बस घुसली, २४ मुलं गेली. महापौरांनी वर्तमानपत्रातून मदत मागताना अंत्यसंस्कार आणि जखमी मुलांची शुश्रूषा यांच्या जोडीला आम्हाला योग्य वाटेल अशा 'चांगल्या कामा'साठी असंही लिहिलं. पैसे उरले. 'चांगलं काम' हे शब्द धर्मादाय म्हणण्याइतके नेमके नाहीत, सबब शिल्लक देणगीदारांची, असा निकाल १९५८ साली लागला. तोवर सहा वर्षांहून अधिक काळ उलटला होता, आणि डब्यात नाणं टाकून गेलेला माणूस शोधायचा कुठे? कोर्टात जाऊन मोकळं होऊ म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट ऐकवतो.

उलटी बाजू ऑस्ट्रेलियातली. २०२० च्या जानेवारीत वणवे पेटले असताना विनोदी अभिनेत्री सेलेस्ट बार्बर हिच्या फेसबुकवरच्या आवाहनाला पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर रक्कम आली. पैसे इतर राज्यांना, घरं जळालेल्यांना, जखमी प्राण्यांनाही देऊ, असं ती पुढे बोलली. पण पैसे घेणारा म्हणून नाव होतं न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन सेवेच्या न्यासाचं. त्या न्यासपत्रात बसेल तेवढंच करता येईल, असं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात सांगितलं. जखमी जवानांना मदत, मृत जवानांच्या कुटुंबांना आधार, हे चालेल. इतर संस्थांना वाटप नाही.

तेव्हा आज पहिलं काम म्हणजे तुमचा मूळ मेसेज काढा. आठवणीतला नको, फॉरवर्ड होताना कुणी शेपूट जोडलेलाही नको. तुम्ही पाठवलेला, तारीख-वेळ दिसणारा. मग शिल्लक रक्कम वेगळ्या खात्यात हलवा. घरखर्चात मिसळलेली देणगी वेगळी काढून दाखवताना भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि अफरातफरीची तक्रार नेमकी तिथून सुरू होते. हे पहिल्या दिवशी केलं असतंत तर हे पत्र अर्धं झालं असतं.

नंतर प्रत्येक देणगीदाराला लेखी विचारा: किती आले, कशावर गेले, किती उरले; छपराला संमती आहे की तुमच्या वाट्याची शिल्लक परत हवी? मुदत घाला. उत्तर आलं नाही तर ती संमती धरू नका. आणि परत द्यायचे ते पूर्ण पैसे नव्हेत. निम्मे सांगितलेल्या कामावर रीतसर खर्च झालेत, त्यामुळे साधारण त्याच प्रमाणात. हिशेब मात्र पावत्यांसकट दाखवा.

रोख देणाऱ्यांची नावं तुमच्याकडे नाहीत, तिथे मी छातीठोक सांगणार नाही. मूळ कामाच्या जवळच्या कामाला रक्कम वळवण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी कायदा देतो, पण ती धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाकडून किंवा न्यायालयाकडून घ्यावी लागते. आधी घ्यायची, छप्पर बसल्यावर नाही. वर्गणी गोळा करायलाच पूर्वपरवानगी लागत होती का, हेही त्याच फेरीत विचारा. करसवलतीची पावती मात्र व्यक्तीने देण्याची गोष्ट सहसा नसते. कुणाला कबूल केली असेल तर तो शब्द आजच मागे घ्या.

पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येणारच, पैसे थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. संस्थेचा नोंदणी क्रमांक मेसेजमधला नको, सरकारी नोंदवहीत स्वतः पाहा. पैसे पाठवताना पडद्यावर येणारं खातेदाराचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का तेही बघा. आणि आवाहनात एक ओळ घाला: 'रक्कम उरल्यास अमुक संस्थेच्या तमुक कामाला दिली जाईल.' अमुक-तमुकच्या जागी खरी नावं.

अडून बसलेल्या त्या दोन देणगीदारांना मात्र मुदतीची वाट बघायला लावू नका. हिशेबाचा कागद आणि त्यांच्या वाट्याची शिल्लक या आठवड्यातच द्या, पोच घ्या.