शंका विचारणाऱ्यांना, आणि न विचारणाऱ्यांनाही

पत्रं बरीच साठली आहेत. त्यांत दोनच गोष्टी फिरून फिरून येतात: विश्वासाच्या बाबतीत डोकं चालवायचं की नाही, आणि बायबलमधला उपदेशक ‘सर्व काही व्यर्थ’ म्हणतो तर माणसानं घर, नोकरी, पैसा यांचं करायचं काय. ज्यांना एका ओळीत उत्तर देता आलं त्यांना एकाच ओळीत दिलं आहे. राग मानू नये.

प्रश्न : माझा बारावीतला नातू संडे स्कूलमध्ये फार प्रश्न विचारतो. शिक्षक म्हणाले, शंका घेणं पाप आहे. त्याला कसं आवरावं? (नाशिक)

उत्तर : आवरू नका. शिक्षकांना योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचायला सांगा. येशू मेलेल्यांतून उठला हे खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं थोमानं स्वच्छ सांगितलं होतं. प्रभूनं त्याला शिष्यांतून काढून टाकलं नाही. हात पुढे केला. बिरुया गावच्या लोकांनी तर खुद्द प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्राशी ताडून पाहिलं, आणि त्याबद्दल बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतं. नातवाचे प्रश्न शिक्षकांना पेलत नसतील तर त्याला पाळकांकडे न्या. त्यांनाही पेलत नसतील तर त्यांनी ‘शोधून सांगतो’ म्हणावं आणि खरंच शोधावं. आजी-आजोबांनी एवढंच बघावं की मुलाला उत्तर मिळेपर्यंत कोणी त्याची टिंगल करत नाही.

प्रश्न : सगळं व्यर्थ आहे तर फ्लॅट घेणं, सोनं घेणं पाप आहे का? (वसई)

उत्तर : नाही. फ्लॅट घेण्यापूर्वी महारेराची नोंदणी मात्र तपासा आणि कागदपत्रं वकिलाला दाखवा.

प्रश्न : वय ३८, हिंजवडीत नोकरी. दोन बढत्या झाल्या, गृहकर्जाचे हप्ते व्यवस्थित जातात, पण वर्षभरापासून कशातच राम वाटत नाही. उपदेशकाचं पुस्तक वाचलं आणि वाटलं, हे माझ्यावरच लिहिलंय. राजीनामा देऊन बायबल कॉलेजला जावं का? (पुणे)

उत्तर : आधी मला सांगा, झोप लागते का? जेवण जातं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी, मुलं, गाणं, क्रिकेट, यांतही काही वाटेनासं झालंय का? असेल, तर हा प्रश्न आधी डॉक्टरचा आहे, मग उपदेशकाचा. नैराश्य हा आजार आहे. ‘प्रार्थना कमी पडली’ असं सांगणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, तेवढं धाडस होत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या नंबरवर मराठीतून बोलता येतं. मनात जिवाचं बरं-वाईट करण्याचे विचार येत असतील तर आजच बोला, रविवारच्या उपासनेची वाट पाहू नका.

आता उपदेशक. तुम्ही बहुधा पहिला अध्याय वाचून थांबला आहात. बरेच जण थांबतात. दुसऱ्या अध्यायात हा माणूस घरं बांधतो, द्राक्षमळे लावतो, तलाव खोदतो, गाणारे-गाणाऱ्या ठेवतो, सोनं-रुपं साठवतो, आणि मग हिशेब मांडतो. त्याचं दुःख कष्टांबद्दल नाही. हे सगळं माझ्यामागे कोणाच्या हाती जाणार, तो शहाणा निघेल की मूर्ख, याचं आहे. चौथ्या अध्यायात तो आणखी खोल जातो: माणसाची सारी मेहनत शेजाऱ्याच्या मत्सरातून उगवते. तुमच्या ऑफिसात दरवर्षी मूल्यमापनाच्या महिन्यात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि लगेच पुढे एक एकटा माणूस येतो, ना मुलगा ना भाऊ, तरी राबतोय. ‘मी हे कोणासाठी करतोय’ हा प्रश्न त्याला पडतच नाही. तुम्हाला तो पडला आहे, हे चांगलं लक्षण आहे.

पण हाच उपदेशक दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी म्हणतो की खाणं, पिणं आणि आपल्या श्रमात समाधान मानणं हेही देवाच्याच हातून येतं. त्यानं काम टाकायला सांगितलेलं नाही. कामाकडून देवाची अपेक्षा करू नका, एवढंच त्याचं म्हणणं आहे. बायबल कॉलेजमध्ये गेल्यानं ही अपेक्षा आपोआप सुटते असंही नाही. शेजारच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, गर्दी बघून झोप उडालेले पाळक मी पाहिलेत. राजीनामा लिहून ठेवला असेल तर तो तसाच पडू द्या. आधी पत्नीशी बोला, मग डॉक्टरांशी, मग पाळकांशी.

प्रश्न : येशू काश्मीरला आला होता, तिथेच त्याची कबर आहे, हे खरं का? (सोलापूर)

उत्तर : नाही. येशू भारतात आल्याचं सांगणारं त्याचं चरित्र लडाखच्या हेमिस मठात सापडलं असं नोतोविच नावाच्या रशियन प्रवाशानं १८९४ मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या एका प्राध्यापकानं तिथं जाऊन विचारलं तर मठाच्या प्रमुखांनी असं काही नाही म्हणून सांगितलं.

प्रश्न : आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर मेसेज आला की नासाच्या संगणकाला काळाच्या हिशेबात एक दिवस कमी पडला आणि तो बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात, सूर्य थांबल्याच्या गोष्टीत, सापडला. डार्विननं मरताना सिद्धांत मागे घेतला, हेही आलं. एका मुलानं हे खोटं आहे म्हटलं तर सगळे त्याच्यावर तुटून पडले. खरं असो नसो, लोकांचा विश्वास वाढतो ना? (अहिल्यानगर)

उत्तर : वाढत नाही. या ‘खरं असो नसो’चाच मला धसका आहे, म्हणून इथं जरा वेळ घेतो.

नासाची गोष्ट अमेरिकेतली, अर्ध्या शतकाहून जुनी. तिची नासाआधीची आवृत्ती तर १८९० ची आहे, संगणकाचा मागमूस नसतानाची. नासानं असं काही घडल्याचं नाकारलं आहे. आणि थोडा विचार केला तरी कळतं: ग्रहांच्या जागा गणितानं मागे मागे काढता येतात, पण एखादा दिवस ‘हरवला’ हे ओळखायला यहोशवाच्या आधीपासून चालत आलेली दुसरी एखादी अचूक नोंद हवी. ती नसेल तर संगणक कशाशी ताडून बघणार? डार्विन १९ एप्रिल १८८२ रोजी वारला. मरणाआधी त्याला भेटल्याचं सांगणाऱ्या लेडी होप यांची गोष्ट बॉस्टनच्या एका ख्रिस्ती नियतकालिकात १९१५ मध्ये आली. डार्विनची मुलगी हेन्रिएटा त्याच्या मृत्युशय्येपाशी होती. तिनं १९२२ मध्ये लिहिलं की ही बाई तिथं नव्हती आणि वडिलांनी आपलं काही मागे घेतलं नाही. तिनं हे लिहिलं तेही एका ख्रिस्ती नियतकालिकातच. शंभर वर्षं झाली, आपण अजून पुढे पाठवतोय.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढा. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट, असं पौल लिहितो. आपण एवढंच वाचतो. त्याच्या पुढचं वाचा: तसं असेल तर आम्ही देवाविषयी खोटे साक्षीदार ठरतो. देवाच्या बाजूनं दिलेली खोटी साक्षही खोटीच साक्ष, हे त्याला किती बोचत होतं बघा. म्हणून तो नावं घेतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, याकोब, आणि पाचशेहून अधिक भाऊ, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे, जा आणि विचारा. वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत लिहिलेलं हे पत्र आहे. लूकही आरंभीच सांगतो की त्यानं सगळं मुळापासून नीट शोधून, क्रमानं लिहिलं. रोमन सुभेदार फेस्तानं पौलाला ‘तू वेडा आहेस’ म्हटलं तेव्हा पौलाचं उत्तर होतं की मी खऱ्या आणि शुद्धीच्या गोष्टी बोलतोय, आणि यातलं काही कोपऱ्यात घडलेलं नाही.

पुरावा किती पुरतो याचंही भान ठेवा. १९६१ मध्ये कैसरियात येशूच्या काळचा रोमन सुभेदार पिलात याचं नाव कोरलेला दगड सापडला. रोमन इतिहासकार टॅसिटस पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहदंड झाल्याचं लिहितो. यावरून पिलात होता, येशू होता, त्याला मारलं गेलं, एवढं ठरतं. तो उठला हे दगड सिद्ध करत नाही. तिथं साक्षीदारांवर भरवसा ठेवावा लागतो, आणि साक्षीदार विश्वासू आहेत का हे तपासायला बुद्धी लागते. ज्याला बुद्धीची अडचण वाटते त्यानं नीळकंठशास्त्री गोरे यांच्याकडे पाहावं. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित आधी ख्रिस्ती मताचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहून बसले होते. वाद घालता घालता वाचत गेले आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढं नेहेम्या गोरे झाल्यावरही शंकांनी त्यांना आयुष्यभर सोडलं नाही आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत. पंडिता रमाबाईंवर त्यांच्या लिखाणाचा प्रभाव पडला तो असा माणूस लिहीत होता म्हणून. रमाबाईंना नासाचा मेसेज पाठवून बघा, मी म्हणतो.

ग्रुपवरचा तो मुलगा उद्या इंजिनिअरिंगला जाईल. नासाची गोष्ट खोटी आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ती खरी म्हणून सांगणाऱ्याच तोंडातून त्यानं पुनरुत्थान ऐकलंय. तो दोन्ही एकाच टोपलीत टाकेल आणि दोष त्याला देता येणार नाही. मंडळी सोडून गेलेल्या तरुणांशी बोलताना मला हेच ऐकू येतं. तेव्हा मेसेज काढा, त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागा, आणि पुढचा मेसेज पाठवण्याआधी मंडळीतल्या एखाद्या विज्ञानाच्या शिक्षकाला दाखवा. तुमच्या मंडळीत ते नक्की असतील, त्यांना कोणी विचारत नाही इतकंच.

प्रश्न : कन्व्हेन्शनला आलेल्या एका सेवकानं सांगितलं, २१ हजारांचं ‘बीज’ पेरा, मुलाचा कॅनडाचा व्हिसा होईल. अभिषेकाचं तेलही विकत होते. सासूबाई सोन्याची चेन द्यायला निघाल्यात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चेन कुलपात ठेवा. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शिमोन जादूगार पैसे देऊन देवाचं दान विकत घ्यायला आला तेव्हा पेत्रानं त्याला काय सुनावलं ते सासूबाईंना वाचून दाखवा. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. बाटलीला किंमत लावायला नाही. व्हिसा कॅनडाचं सरकार देतं, कागदपत्रं पाहून देतं.

गंमत बघा, उपदेशक ज्याला वाऱ्यामागे धावणं म्हणतो तेच इथं ‘आशीर्वाद’ म्हणून स्टेजवर विकलं जातंय. दशमांश द्यायचा तर आपल्या मंडळीत द्या, पावती घ्या, वार्षिक हिशेब मागा. पैसे आधीच दिले असतील तर पाळकांना सांगून वकिलाचा सल्ला घ्या. चमत्काराच्या नावानं फसवून पैसे उकळणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. तो सगळ्याच धर्मांना लागू आहे.

प्रश्न : पास्कल म्हणाला म्हणे, देव मानून टाकावा, असला तर फायदा, नसला तर तोटा नाही. हे हिशेबी वाटतं. (ठाणे)

उत्तर : एवढंच ऐकलं तर हिशेबीच वाटेल. पास्कल हा सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती, संभाव्यतेच्या गणिताचा एक जनक होता आणि जुगारी मित्रांच्या भाषेत बोलत होता. माणसं शिकार, जुगार, पदं यांच्यामागे धावतात ती स्वतःशी एकटं बसवत नाही म्हणून, हे त्यानं आधी ओळखलं होतं; देव असण्यावर लावलेली ही पैज त्या माणसाला जागं करायला होती. त्याचा स्वतःचा विश्वास पैजेतून आला नव्हता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीचा अनुभव त्यानं कागदावर लिहिला आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला; १६६२ मध्ये तो वारल्यावर तो कागद सापडला. कोणाला सांगितलंही नव्हतं. आमच्याकडे असा अनुभव आला की दुसऱ्या दिवशी व्हिडिओ निघतो.

प्रश्न : मी ५७ वर्षांचा, हिंदू घरातला. बरीच वर्षं बायबल वाचतोय, पटतंही. मुलीचं लग्न आणि निवृत्ती झाली की बाप्तिस्म्याचं बघेन म्हणतो. चालेल ना? (कोल्हापूर)

उत्तर : फेलिक्स सुभेदारही पौलाचं ऐकून घाबरला आणि म्हणाला, सवड झाली की बोलावीन. सवड त्याला पुष्कळ होती. तो पौलाला वारंवार बोलावून बोलतही होता, पण लाच मिळेल या आशेनं. दोन वर्षांनी बदली झाली तेव्हा पौल तुरुंगातच होता. मुलीचं लग्न झालं की नातवंडं, मग गुडघे.

पण मी तुम्हाला उद्या बाप्तिस्मा घ्या असंही सांगणार नाही. आधी पत्नीला सांगा. लपवून काही करू नका. मग पाळकांना भेटून शिक्षणवर्गात बसा. कोणी घाई करत असेल, पैशाचं वा नोकरीचं आमिष दाखवत असेल तर तिथून उठा. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. मुलांच्या शिक्षणावर याचा काय परिणाम होईल ते वकिलाला विचारून घ्या. मात्र वकिलाची भेट या आठवड्यातच ठरवा.

प्रश्न : बायबल पहिल्यांदाच वाचणार आहे. सुरुवात कुठून करू? (नागपूर)

उत्तर : मार्कापासून. सोळाच अध्याय आहेत, एका दुपारी वाचून होतात. अडेल तिथं पेन्सिलनं खूण करा आणि जवळच्या पाळकांना विचारा. यूट्यूबवर शोधू नका.